एकही काटा नाही

बाजारात त्यांना सगळे काटेकाका म्हणत. खरं नाव परवान्यावर होतं, पण तो परवाना भिंतीवरच्या खिळ्याला लटकून, भिजून, वाळून इतका पुसट झाला होता की कुणाला वाचायची हौस आली असती तरी काही उपयोग नव्हता. स्वतः काकांनाही कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर लगेच मान वळवायची सवय राहिली नव्हती.

ते मासे विकत नसत. विकणारे ओळीने आपापल्या ओट्यांवर बसत, आणि बाजाराच्या टोकाला, नळाजवळच्या कोपऱ्यात काकांचा दगडी ओटा होता. लोक मासे घेत आणि साफ करायला काकांकडे आणत. सुरमईच्या तुकड्या काय, पापलेटाचे काप काय, ते कुणीही करून देतं. पण बांगडा पाठीकडून उघडून, मधला काटा उचलून, वर त्याच्या मांसात रुतून बसलेले केसासारखे काटे एकूण एक काढून द्यायचे, हे त्या बाजारात फक्त काकांना जमत असे. मधल्या रेषेवरून तर्जनी फिरवायची, थांबायची, चिमटा खाली यायचा, काटा वर. पुन्हा बोट पुढे. गंमत म्हणजे हे सगळं चालू असताना त्यांचं लक्ष माशाकडे नसेच. ते समोरच्याशी बोलत असत, आणि बोलायला त्यांच्याकडे एकच विषय होता.

तो विषय म्हणजे बांगडा कसा खावा. या बाबतीत काका फार कडक होते. माशाचा डोळा भरलेला हवा, शेपटीला धरून आडवा धरला तर तो ताठ राहायला हवा, मान टाकली की तो विकत घेऊ नये, फुकट दिला तरी घेऊ नये. मीठ लावून अर्धा तास ठेवायचा. तवा नीट तापू द्यायचा, तेल नावाला घालायचं, कारण बांगड्याला स्वतःचं तेल आहे आणि दुसऱ्याच्या तेलात त्याला बुडवणं हा त्याचा अपमान आहे. उलटायचा एकदाच. घरात लहान मूल असल्यासारखं दर दोन मिनिटांनी त्याला बघायला जायचं नाही. ताटात पडला की बोलणं बंद. सुरुवात पाठीकडून करायची, मग मधली काळपट पट्टी, जी लोक कडू म्हणून बाजूला काढतात. त्या लोकांनी बटाटे खावेत, असं काकांचं स्पष्ट मत होतं. पोटाचा भाग सगळ्यात तेलकट, तो शेवटी. आणि अगदी शेवटी गालाचा तुकडा, नखाएवढा, तो ज्याला सापडला त्याचा. हे सगळं गरम असताना, आणि हाताने. चमच्याने बांगडा खाणारा माणूस त्यांना हातमोजे घालून बाळाला न्हाऊ घालणाऱ्यासारखा वाटे.

"बोटांना आधी कळतं," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. "जिभेला मागाहून."

घरी मात्र काका स्वतःचा एकही नियम पाळत नसत. लाँड्रीच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. काकू खाली त्याच लाँड्रीत शिवणाचं काम करत: तुटलेली बटणं लावायची, उसवलेल्या शिवणी घालायच्या, बाह्या आखूड करायच्या. दुपारी दोघं जेवायला वर येत. तव्यावरचे बांगडे ताटात आले की काका आधी काकूंचं आणि लेकीचं ताट स्वतःपुढे ओढत. दोन्ही ताटांतले काटे काढून ती ताटं परत सरकवत आणि मग आपल्या, एव्हाना गार झालेल्या बांगड्याकडे वळत. सबंध बाजाराला गरम मासा खायला शिकवणारा माणूस चौतीस वर्षं गार मासा खात होता. काकू म्हणायच्या, "अहो, तुमच्या गिऱ्हाइकांना एकदा घरी जेवायला बोलवा. मग कळेल त्यांना."

या लाडाचा परिणाम व्हायचा तोच झाला. काकूंनी लग्न झाल्यापासून एक काटा स्वतःच्या हाताने काढला नाही. दुसऱ्यांकडे जेवायला गेलं आणि ताटात मासा आला, तर त्या तो तसाच ठेवून काका मोकळे व्हायची वाट बघत बसत. लेकीची तर पहिल्यांदा सासरी जेवायला बसल्यावर चांगलीच फजिती झाली होती. मासे साफ करणाऱ्याची मुलगी, आणि बांगडा कुठून उघडायचा ते ठाऊक नाही. सासरच्यांना वाटलं, थट्टा करते आहे. ती घरी येऊन रडली तेव्हा काका इतके हसले की काकूंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

हसण्याचे हे दिवस संपले ते बोटांपासून.

पस्तीस वर्षं बर्फात आणि गार पाण्यात हात घालायचे म्हणजे त्याची वसुली कधीतरी होणारच. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या, आणि काकांना वाटलं बरं वाटतंय. एका सकाळी समोरची बाई बोलता बोलता एकदम गप्प झाली आणि त्यांच्या हाताकडे बघायला लागली. काकांनी खाली पाहिलं. अंगठा चांगला खोल कापला होता, बर्फ लाल झाला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून सुईने बोटं टोचून पाहिली आणि विचारलं, कळतंय का. काकांनी विचारलं, टोचली का. डॉक्टर म्हणाले, बर्फातलं काम सोडा, आणि गेलेली जाणीव परत येईल असं धरून चालू नका. काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

सांगणार तरी काय? त्यांच्याकडे दुसरं होतं काय? ते डोळ्यांनी काम करू लागले. चष्मा लावून, मान खाली घालून, एकेक काटा शोधत. गप्पा बंद पडल्या. गिऱ्हाइकांना वाटलं काकांना शिष्टपणा आला. मग एक दिवस शाळेतले निवृत्त मास्तर आले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी ओट्यावर कागदाची पुडी उघडून ठेवली. आत तीन काटे होते. मास्तर रागावले असते तर काकांनी चार शब्द परत ऐकवले असते, पण मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?" काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते म्हणाले, झोप नाही झाली.

घरातही ते जपून वागत. सकाळी शर्टाची बटणं लावताना आता खाली बघावं लागे, म्हणून ते काकूंकडे पाठ करून उभे राहत. त्याच सुमाराला एकदा त्यांच्या लक्षात आलं की शर्टांची बटणं बदलली आहेत, चांगली मोठमोठी झाली आहेत, लहान मुलाच्या कोटाला असतात तशी. त्यांनी काकूंची थट्टा केली की मी आता सर्कशीत लागणार वाटतं. काकू म्हणाल्या, लाँड्रीत उरली होती, वाया कशाला घालवायची. विषय तिथेच संपला.

मास्तरांची पुडी येऊन पंधरा दिवस झाले असतील, तोच काकूंना पक्षाघात झाला. खाली लाँड्रीत, बाही शिवता शिवता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि शब्द गेले. काकांनी त्याच दिवशी ओटा सोडला. बाजार म्हणाला, असा नवरा मिळायला नशीब लागतं. बायकोसाठी चालता धंदा सोडला.

खरी गोष्ट काकांनाच माहीत होती. रुग्णालयाच्या बाकावर बसलेले असताना, काकू जगतात की नाही हेसुद्धा ठरलेलं नसताना, त्यांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. आता कुणी पुडी घेऊन येणार नाही. ते क्षणभरच वाटलं, पण वाटलं ते वाटलं, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

काकू घरी आल्या. खिडकीजवळ त्यांची खाट लावली. लेक एक दिवसाआड यायची, नर्स आठवड्यातून दोनदा. नर्सने भरवायची पद्धत शिकवली: टेकवून ताठ बसवायचं, हनुवटी खाली, डाव्या बाजूने छोटा घास, तो गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, आणि शेवटी उजव्या गालात काही अडकून राहिलं आहे का ते बघायचं. पेज झाली, मऊ भात झाला, घोटलेल्या भाज्या झाल्या. काकू दोन घासांनंतर तोंड फिरवत. लेकीने दुकानातून बिनकाट्याचा गोठवलेला मासा आणून उकडून कुस्करला. काकूंनी तो जिभेने बाहेर ढकलला. दीड महिन्यात त्या इतक्या वाळल्या की काका त्यांना एका हाताने उचलून बसवू लागले.

मग एका दुपारी लेक पेजेची वाटी घेऊन बसली असताना काकूंनी डाव्या हाताने वाटी बाजूला केली आणि आजारपणानंतरचा पहिला धड शब्द उच्चारला. दोन तुकड्यांत आला, पण कळला.

"बां... गडा."

लेक हसली आणि तिला रडूही आलं. तिने नर्सला विचारलं. नर्सला ते काही पसंत पडलं नाही, पण बाई खात नाही हे तिलाही दिसत होतं. ती म्हणाली, द्या, पण एकही काटा जाता कामा नये. हिला खोकून बाहेर काढता यायचं नाही. काटा घशात गेला तर मला बोलावून काही उपयोग होणार नाही.

"त्याची काळजी नको," लेक म्हणाली. "बाबांच्या हातून काटा सुटला असं कधी झालेलं नाही."

दोघी काकांकडे बघत होत्या. सांगायची वेळ हीच होती. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं खरं सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर बांगडा बंद झाला असता, आणि बांगड्याशिवाय काकू काही खात नव्हत्या. हे कारण खरं होतं. दुसरं कारणही तितकंच खरं होतं: काकांच्या तोंडून शब्द फुटेना. बाजारातल्या मासेवाल्या मावशींना चार काटे बघून द्यायला सांगता आलं असतं, त्यांनी हसत केलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. काका म्हणाले, "मी बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर दुपारी, खिडकीतून स्वच्छ उजेड येत असताना, बांगडा केला. मीठ, तवा, एकदाच उलटणं, सगळं नियमाप्रमाणे. ताट मांडीवर घेऊन खाटेजवळ बसले, चष्मा पुसला आणि पाठीकडून मांस सोडवायला सुरुवात केली. बोटं आपली आपण फिरत होती, पण त्यांच्याकडून काहीच निरोप येत नव्हता. काकांनी तो तुकडा उजेडात धरला, उलटा केला, फोडून पाहिला, परत जुळवला. शेवटी त्यांनी तो काकूंच्या तोंडात डाव्या बाजूने ठेवला आणि त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

काकूंनी डोळे मिटले. बराच वेळ तोंड हलत राहिलं. मग डाव्या हातातल्या रुमालाने त्यांनी ओठ पुसले. उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची म्हणून तो रुमाल सतत हातात असे.

"काटा?" काकांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. अर्ध्या तोंडाने हसल्या आणि म्हणाल्या, "एक... ही... नाही."

त्या दिवशी त्यांनी अर्धा बांगडा खाल्ला. आठवडा संपेपर्यंत पूर्ण खाऊ लागल्या, गालाच्या तुकड्यासकट. रोज दुपारी तेच, आणि प्रत्येक घासाला तोच प्रश्न, तेच उत्तर. बाकीचे शब्द अडखळत, पण ते दोन शब्द इतके सवयीचे झाले की नर्ससुद्धा कौतुक करू लागली. अंगावर थोडं मांस धरलं. एकदा त्यांनी खुणेने आणि अर्ध्या शब्दांनी सुयांची डबी मागितली, त्यांची जुनी पत्र्याची, शिवणाच्या टोपलीतली. लेकीने आणून दिली. ती त्या उशीखाली ठेवत. काकांना वाटलं, पुन्हा शिवायची उमेद आली आहे. त्यांनी हे मावशींनाही सांगितलं.

आणि काकांना हळूहळू आणखी काही वाटू लागलं. दोन महिने झाले, रोज एक बांगडा, कधी दोन, आणि एकही काटा नाही. नुसत्या डोळ्यांनी हे होणं शक्य नाही, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? म्हणजे बोटं परत आली होती. सावकाश, चोरपावलांनी, पण आली होती. ते डोळे मिटून चादरीच्या काठावर तर्जनी फिरवून बघत. धागा कळल्यासारखा वाटे. डॉक्टरांना काय कळतंय, असं ते मनातल्या मनात म्हणत. ही बातमी कुणाला तरी सांगावी असं त्यांना फार वाटे, पण बोटं गेल्याचंच कुणाला सांगितलेलं नव्हतं, मग आल्याचं कसं सांगणार? त्यामुळे ते नुसतेच खुशीत असत. भरवताना पुन्हा गप्पा मारू लागले, चष्मा कधी लावत, कधी विसरत. मावशी म्हणाल्या, काका, ओट्यावर परत या, लोक विचारतात. काका म्हणाले, हिला जरा बरं वाटू दे, मग येतो.

काकूंना पुढे पाच महिने मिळाले. एका सकाळी काका तोंड पुसायला ओला टॉवेल घेऊन गेले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मेंदूतच झालं, आणि झोपेत झालं, त्रास झाला नाही. काकांनी दोनदा विचारलं की खाण्यातून तर काही झालं नाही ना. डॉक्टर म्हणाले, छे, खात होत्या म्हणूनच इतके दिवस राहिल्या. आदल्या दुपारी त्यांनी पूर्ण बांगडा खाल्ला होता. हे आठवून काकांना रडायला जरा तरी आधार मिळाला. मी तिला शेवटपर्यंत नीट भरवलं, ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. एक काटा लागू दिला नाही.

दोन आठवड्यांनी लेक काकूंचे कपडे आवरायला आली. काका खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर बसून होते. लेकीच्या बाहीचं बटण लोंबत होतं, ते दोन टाके घालून पक्कं करावं म्हणून तिने सुयांची डबी उघडली. तिने आत बोट घातलं आणि थांबली.

"बाबा, हे काय भरून ठेवलंय आईने?"

तिला ते नखांचे तुकडे वाटले होते, किंवा झाडूच्या काड्या. तिने डबी बापाच्या हातावर ठेवली. सुया एका बाजूला कापडात टोचलेल्या होत्या. उरलेली डबी काट्यांनी भरली होती.

काकांनी चष्मा लावला. दुसऱ्या कुणाला त्या काड्यांत काही दिसलं नसतं. काकांना सगळं दिसलं. हे सरळ, बारीक, मधल्या रेषेतले. हे वाकडे, पोटाच्या बरगड्यांचे, जे त्यांनी उरलेल्या मांसासकट तिला भरवले असले पाहिजेत. हा रुंद, चपटा, कल्ल्यामागचा. हा तर कुणाही नवशिक्याला दिसला असता. तो ज्या दिवशीचा होता त्या दिवशी चष्मा लावलेला नसणार. तळाचे पिवळे पडले होते, वरचे अजून पांढरट होते. वरचा एक तर अगदी अलीकडचा, कदाचित शेवटच्या दुपारचा. मूठभर नव्हते, पण चिमूटभरही नव्हते.

ती टाकणार तरी कुठे होती? केर काकाच काढत, बादली काकाच रिकामी करत, चादर काकाच झटकत. खिडकी तिच्या हाताला पोहोचत नव्हती. काकांच्या घरात काकांपासून लपवायला तिच्याकडे उशीखालची एक डबी तेवढी होती. जन्मात एक काटा न काढलेली बाई, तोंड अर्धं मेलेलं, जीभ अर्धी मेलेली. त्या अर्ध्या जिभेने तिने रोज घासातून काटा शोधला होता, तो डाव्या गालात नेऊन धरला होता, बाकीचं गिळलं होतं, आणि मग रुमालाने ओठ पुसत हसली होती. आणि समोर हा शहाणा माणूस बसून विचारत होता, काटा?

त्यातला कुठलाही एक काटा पुरला असता. काका तिला रोज दुपारी आपल्या हाताने मरण भरवत होते आणि ती ते काढून ठेवत होती. तिला सगळं माहीत होतं. कधीपासून? काकांनी खाली पाहिलं, छातीवरच्या त्या मोठमोठ्या बटणांकडे. ती बटणं आजाराच्या आधीची होती.

"बाबा?" लेक म्हणाली.

"माझ्या बोटांना काही कळत नाही," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं: अंगठा, डॉक्टर, मास्तरांची पुडी, आणि रुग्णालयाच्या बाकावर सुटल्यासारखं वाटलं होतं तेसुद्धा. लेक ऐकत होती. तिचा चेहरा उतरत गेला आणि मग कडक झाला.

"आणि आईच्या घशात गेला असता तर?"

"हो," काका म्हणाले.

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मग ती पिशवी घेऊन खाली उतरली. काकांना वाटलं, गेली. जायलाच हवं होतं तिने. ते डबी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

तासाभराने ती परत आली. पिशवीत दोन बांगडे होते. डोकी, शेपट्या, सगळं असलेले, फक्त पोट साफ केलेले. तिने ते शेपटीला धरून आडवे धरले आणि बापाला दाखवले. ताठ होते. काकांनी मान हलवली. मीठ लावून अर्धा तास ती स्वयंपाकघरात आणि काका बाहेर, असे दोघं वेगवेगळे बसले. तव्याचा आवाज आला तेव्हा काका आत गेले. ती दोनदा उलटायला निघाली आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे बघून थांबली.

जेवताना काकांचा हात सवयीने तिच्या ताटाकडे गेला. तिने ताट मागे ओढलं आणि उलट त्यांचं ताट स्वतःपुढे घेतलं.

"सांगा," ती म्हणाली. "कुठून सुरू करू?"

काकांनी सांगितलं. पाठीवरून अंगठ्याने दाब. सोड. आता वरचा थर उचल, तुटू देऊ नकोस. शेपटीकडून मधला काटा धर आणि सावकाश वर घे, सगळा येईल. आला? आता राहिले ते बारीक. डोळ्यांनी शोधू नकोस. बोटं चोळ, मांस बोटांत फिरू दे. तिची बोटं अवघडत होती, तेल मनगटापर्यंत आलं होतं, मांसाचा चुरा झाला होता. तिशी ओलांडलेली बाई पहिल्यांदा बांगडा उघडत होती, आणि जन्मभर जगाला शिकवलेल्या माणसाने घरात हे कुणालाच शिकवलं नव्हतं. तिने एक तुकडा चार वेळा तपासला. तिचे डोळे भरून वाहत होते आणि हात तेलकट असल्यामुळे पुसता येत नव्हते. मग तिने तो तुकडा बापाच्या तोंडासमोर धरला.

काकांनी तोंड उघडलं. बांगडा गरम होता. चौतीस वर्षांत इतका गरम बांगडा त्यांच्या तोंडात पडला नव्हता. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, तेल जिभेवर पसरलं आणि मीठ बरोबर होतं. आणि त्यात, डाव्या दाढेजवळ, काटा होता. बोटांना दोन वर्षं जे कळलं नव्हतं ते जिभेला लगेच कळलं. त्यांनी तो जिभेने बाजूला लोटला. तो आडवा झाला, हिरडीला टोचला, निसटला, पुन्हा घासात शिरला. त्यांची जीभ सगळी जिवंत होती, तरी तो हाती लागायला किती वेळ लागला. शेवटी त्यांनी तो गालात नेऊन धरला आणि बाकीचं गिळलं.

लेक त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

"काटा?" तिने विचारलं.

काकांनी रुमाल काढून ओठ पुसले.

"एकही नाही," ते म्हणाले.